ज्यांना साहजिकच कळलं असतं

"परत म्हण बघू ते," आई आतून म्हणाली.

मी उंबऱ्यावर बसून कायद्याचं पाठांतर करत होते. आई आत कांड्या भरत बसली होती. मागाच्या धोट्यात बसते ती सुताची गुंडाळी म्हणजे कांडी. इचलकरंजीत आमच्या गल्लीत घराआड घर माग, त्यामुळं मनातल्या मनात पाठ करायची सोयच नव्हती. आपलं आपल्याला ऐकू यायला सुद्धा ओरडावं लागायचं.

"कुठलं?"

"ते सात वर्साचं."

तिच्यापर्यंत पोचलं नसेल असं मी धरून चालले होते. पण मागितलं म्हटल्यावर पुन्हा म्हणावं लागलं. "सात वर्षं ज्या माणसाची काहीच खबर नाही, आणि तो जिवंत असता तर ज्यांना ती साहजिकच कळली असती, त्यांनाही ती नाही, तो माणूस जिवंत आहे असं जो म्हणेल, त्यानं ते शाबीत करायचं."

आईचा हात थांबला. "साहजिकच म्हणजे गं काय?"

"म्हणजे... आपोआप. वेगळं सांगायला नको असं."

"मग त्यात कोण कोण येतं?"

"बायको, आई, भाऊ, पोरं. जवळची माणसं."

"बायको पयली येती?"

"नंबर घातलेले नाहीत गं."

"तरी पण."

"येत असेल," मी म्हटलं आणि पान उलटलं. पुढचा धडा भाडेकराराचा होता. त्यात जीव अडकावा असं काही नव्हतं, म्हणून मी तो जास्तच मोठ्यानं वाचला.

याला आता पुष्कळ वर्षं झाली. मी तेव्हा बारावीला होते. आमच्या शाळेला जोडून ज्युनिअर कॉलेज होतं आणि तिथं 'कायद्याची ओळख' नावाचा एक विषय घेता यायचा. तो शिकवायला बुरसे सर यायचे. जन्मभर वकिली करून थकलेले, पण घरी बसवेना म्हणून शाळेत आलेले. त्यांचं एक वेड होतं. कायद्याच्या पुस्तकात सगळीकडं 'अ' नावाचा माणूस 'ब' नावाच्या माणसाला घोडा विकत असतो. सरांचा या दोघांवर भारी राग. "अ आणि ब यांना मी गावाबाहेर घालवलंय," ते सांगायचे. "उत्तरात उदाहरण द्यायचं ते आपल्या गल्लीतलं. माणसाला नाव पाहिजे, घराला दार पाहिजे."

त्यामुळं वर्षभर आम्ही गल्लीचं नुसतं चिपाड केलं. माझी मैत्रीण बिल्किस बागवान हिनं तर स्वतःच्या आजोबांना अतिक्रमणात घातलं, कारण त्यांची शेळी रोज शेजाऱ्याचा कढीपत्ता खायची. नळावर भांडण लागलं की आम्ही दोघी वह्या घेऊन हजर. शेवटी समोरच्या कमलमावशींनी आम्हाला बघून भांडायचंच सोडून दिलं. "कार्ट्यांनो, परीक्षा झाल्यावर भांडतो," म्हणायच्या.

पण एक उदाहरण गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊक असून कुणी वहीत उतरवलं नव्हतं. सात वर्षांचा धडा आला तेव्हा सरांनी उदाहरण मागितलं, वर्गात सगळ्यांनी माना खाली घातल्या, आणि बिल्किसनं कुठल्याशा लांबच्या मामूचं नाव ठोकून दिलं. तिला तसला मामू नव्हता.

ते उदाहरण म्हणजे आमचे आण्णा, माझे वडील. ते जॉबर होते, म्हणजे माग जोडणारे, बिघडला तर दुरुस्त करणारे. मी पाचवीत असताना भिवंडीला एका कारखान्याचे माग जोडून द्यायला म्हणून गेले. तिथं पोचले, काम केलं, कारखानदाराचा निरोप घेऊन निघाले, आणि मग कुठंच पोचले नाहीत. काकांनी सगळं केलं. पोलिसांत गेले, इस्पितळं पालथी घातली, फोटो छापून आणला. काही म्हणजे काही हाती लागलं नाही. आईच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या, कपाळाला कुंकू होतं, आणि वटपौर्णिमेला ती वडाला जायची. बायका जागा करून द्यायच्या, पण तिच्याशी बोलताना जरा अडखळायच्या.

आणि मी? मी आण्णांची वाट बघायचे. एसटी स्टँडवरून जाताना उतरणाऱ्या माणसांचे चेहरे बघितल्याशिवाय माझा पाय पुढं पडत नसे. कुठंतरी ते आहेत, कुणाचा तरी माग जोडतायत, कानावर पेन्सिल आहे, असं मला अगदी दिसायचं. ते येत का नाहीत, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नाही. असण्यावर माझं भागत होतं.

सात वर्षं उलटली तशी काकांनी विषय काढला. मागाची शेड आण्णांच्या नावावर होती, कुठल्याही कागदाला त्यांची सही लागायची. काका वाईट नव्हते. आईसमोर बसून, जमिनीकडं बघत म्हणाले, "वहिनी, एकदा कोर्टात जाऊन सांगावं लागंल. खबर न्हाई म्हणून. रत्नाची परीक्षा झाली की बघू." आईनं नुसता चहा पुढं केला.

परीक्षा दोन भागांत होती. लेखी झाली की तोंडी. तोंडीसुद्धा सरांच्या वेडाप्रमाणंच. वर्गात कोर्ट मांडायचं, सर न्यायाधीश, आणि आपण वकील होऊन एका साक्षीदाराची साक्ष काढायची. साक्षीदार आपल्या गल्लीतला, गोष्ट खरी, आणि सूचक प्रश्न एकही विचारायचा नाही. "'तुम्ही त्या दिवशी बाजारात होता ना?' हा सूचक," सर सांगायचे. "तुम्ही त्याच्या तोंडात उत्तर घातलंत. 'तुम्ही त्या दिवशी कुठं होता?' असं विचारा आणि गप्प बसा. साक्षीदाराच्या पोटात असेल ते येऊ दे. आवडो न आवडो."

माझ्या साक्षीदार कमलमावशी होत्या. गटारीच्या वाटेचं प्रकरण आम्ही घोटून तयार केलं होतं. आणि तोंडी परीक्षा उद्यावर आलेली असताना त्यांचा जावई गाडीवरून पडला. मावशी मिरजेला निघून गेल्या.

मी रडकुंडीला आले. बिल्किस म्हणाली, "माझ्या दादाजींना घे. शेळीवर तुझ्यासाठी पण बोलतील."

"तेच प्रकरण दोघींनी कसं घ्यायचं गं?"

आई भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी उलटून म्हणाली, "मी येतो की."

आमच्याकडं बायकाही येतो-जातो असंच म्हणतात. पण त्या दिवशी ते मला वेगळंच ऐकू आलं. "तू? कशावर साक्ष देणार?"

"सात वर्सावर."

बिल्किस उठून बाहेर जायला लागली. आईनं तिला हातानंच बसवलं. "बस गं. तुझ्यापासून काय लपलंय?" मग माझ्याकडं वळून म्हणाली, "कोर्टात जायाचंच हाय. तितं काळ्या कोटातलं परकं माणूस इचारणार आणि मी म्हणणार. त्याच्या आदी एकदा तुझ्या शाळंत म्हणून बघतो. तितलं कोण धरणार न्हाई न्हवं?"

"नाही. ते नुसतं परीक्षेपुरतं."

"मग झालं तर. तोंडातून निघतंय का, तेवढं बघायचं."

ती भाकरी फुगली, आईनं काढून ठेवली आणि दुसरी टाकली. मला मात्र जेवण गेलं नाही. प्रकरण कसं चालणार हे मला पाठ होतं. आईला विचारायचं, खबर आली का? ती म्हणणार, नाही. मग विचारायचं, ते असते तर कुणाला कळलं असतं? ती म्हणणार, मला. संपलं. माझं प्रकरण शाबीत, मार्क पैकीच्या पैकी, आणि आण्णा मेलेले.

घरी जाताना बिल्किस कोपऱ्यावर थांबली. "अगं, तुझी आई 'मला काय कळणार' म्हणाली तर?"

"तर काही शाबीत होत नाही. खबर नाही यानं मग काहीच ठरत नाही."

"म्हणजे ते..."

"हं. जिवंतच राहतात."

"मग तुला काय पाहिजे?"

मी 'उद्या बघू' म्हणून घराकडं वळले. पण मला माझं प्रकरण हरायचं होतं. मी नापास झाले असते तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी आई ठेवणीतली, पोपटी काठाची साडी नेसून आली. वर्गातले बाक मागं सरकवले होते. फळ्यासमोर सरांची खुर्ची, एका बाजूला साक्षीदारासाठी स्टूल. वकिलाचा कोट सगळ्यांना मिळून एकच, सरांचा जुना, आणि मुलींना तो गुडघ्यापर्यंत यायचा. बिल्किसचा नंबर माझ्यानंतर होता. तिनंच माझ्या बाह्या दुमडून दिल्या.

सरांनी आईला बघितलं, माझ्याकडं बघितलं. विषयाचा कागद वाचला आणि चष्मा काढून पुसला. "बाई, तुमच्या मनानं आलात ना?" त्यांनी विचारलं. प्रश्न चांगलाच सूचक होता, पण त्यांना कोण बोलणार!

"व्हय, वकीलसाहेब."

"चालू करा."

मी नाव विचारलं. शालन गजानन रेंदाळे. काम विचारलं. कांड्या भरतो. पती कधी गेले, कुठं गेले, कुठं कुठं शोधलं, सगळं विचारलं. आई सरळ बसून, नेमकी उत्तरं देत होती. कमलमावशींपेक्षा शंभर पटीनं बरी साक्षीदार होती ती.

"त्यानंतर तुम्हाला त्यांची काय खबर मिळाली?"

"कायबी न्हाई."

"ते..." मी कागदावर बघून घेतलं. "ते असते, तर ती खबर कुणाला कळली असती?"

मी गप्प बसले. तसंच शिकवलं होतं. आई मांडीवर ठेवलेल्या आपल्या हातांकडं बघत होती. मी मनात देवाला आळवत होते, तिला 'मला काय कळणार' असं म्हणू दे.

"मला न्हाई," आई म्हणाली.

सुटले आण्णा! मी सरांकडं बघून "एवढंच" म्हणणार, तोच आई पुढं बोलायला लागली.

"मला न्हाई साहेब. खोटं कसं सांगू? ते गेले तवा आमचा अबोला हुता. माझ्या भावाची वास्तुशांत हुती, मी यांना न इचारता गेलो. एवढंच झालं. पर यांनी बोलणं टाकलं. यांचा राग असाच असायचा, लांबलेला. आता घर म्हटल्यावर बोलायला तर लागतंय. मग हिच्या तोंडून बोलायचं." तिनं माझ्याकडं बोट केलं. "मी चुलीपाशी, ते ताटावर, मधी ही. 'रत्ने, तुझ्या आईला सांग, आमटीत मीठ न्हाई.' मला ऐकू यायचंच की. तरी ही यायची आणि सांगायची, आई, आण्णा म्हणतात मीठ न्हाई. मग मी म्हणायचो, तुझ्या आण्णाला सांग, वरनं घ्या म्हणावं."

मागं कुणीतरी हसलं. सर सुद्धा हसले. आईही थोडं हसली.

"जातानाबी तसंच. दारात उभं राहून हिला म्हणाले, 'तुझ्या आईला सांग, पोचलो की कळवतो.' आणि कळवलं साहेब. पोचल्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानात फोन आला. दुकानदार बोलवायला आला, मी पदराला हात पुसत धावलो. तर म्हणाला, वहिनी, तुम्हाला न्हाई, रत्नाला बोलवलंय."

तो फोन मला आठवत होता. गुळाच्या ढेपेवर चढून मी तो कानाला लावला होता. आण्णांचा आवाज लांबून, खरखरत आला होता, आणि मी उभी राहून सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं होतं, आई, आण्णा म्हणतात पोचलो! आई तेव्हा दुकानाच्या पायरीवर उभी होती.

"सात वर्सं मी हेच घोकत बसलो," आई म्हणाली. "माणूस कुठं असंल, जिता असंल, आणि माझ्यावरचा राग गेला नसंल. मला कळवायचं न्हाई म्हणून गप बसला असंल. हिच्या काकांना कसं सांगू, की खबर न्हाई म्हणजे माणूस न्हाई? माझ्यापुरतं तसं न्हाई ते. पर परवा ही पाठ करत हुती, आणि तो शब्द आला. साहजिकच. मी लई इचार केला त्याच्यावर. साहेब, माझ्यावर ते कितीबी रुसू देत, हिच्यावर कधी रुसले न्हाईत. एक दीस न्हाई. हिला कळवल्याबिगर त्यांना जेवण गेलं नसतं. तवा कोर्टानं मला इचारून उपेग न्हाई. हिला इचारायला पायजे."

खिडकीबाहेर माग चालू होते. मी कोट घालून उभी होते आणि पुढचा प्रश्न माझ्या कागदावर नव्हता.

सरांनी घसा साफ केला. "वकिलाला आपल्याच प्रकरणात साक्षीदार होता येत नाही," ते हळू म्हणाले. "रत्ना, इथं थांबलीस तरी चालेल. परीक्षा झाली तुझी."

मी थांबू शकले असते. तसं थांबले असते तर काही बिघडलं नसतं. मार्क मिळाले असते, आईची कोर्टातली साक्ष काकांनी कशीतरी उरकून घेतली असती, आणि मी आजही स्टँडवर चेहरे बघत उभी राहिले असते. पण आई माझ्याकडं बघत होती. सात वर्षं ती ज्या प्रश्नापाशी बसून होती, त्याचं उत्तर तिच्याकडं नव्हतंच, माझ्याकडं होतं, आणि मागायला ती शाळेपर्यंत आली होती.

मी कोट काढला आणि बिल्किसच्या हातात दिला.

आई स्टुलावरून उठली. मी बसले. बिल्किसनं कोट अंगात घातला, बाह्या पुन्हा दुमडल्या. तिनं एकदा सरांकडं बघितलं. सरांनी मान हलवली.

"नाव सांगा," ती मला म्हणाली. लहानपणापासून जिच्याबरोबर एका ताटात जेवले, ती मला अहो-जाहो करत होती.

"रत्नमाला गजानन रेंदाळे."

"गजानन रेंदाळे तुमचे कोण?"

"वडील."

"भिवंडीहून आलेल्या त्या फोननंतर तुम्हाला त्यांची काय खबर मिळाली?"

"काही नाही."

बिल्किसला पुढचा प्रश्न विचारवेना. मग तिनं विचारला, आणि बरोबर विचारला, एक शब्द सुद्धा माझ्या तोंडात घातला नाही. "ते असते, तर काय झालं असतं?"

कायद्याच्या पुस्तकात या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मला दुकानातला फोन दिसत होता. मला आण्णा हवे होते. रागावलेले, कुठंतरी दडून बसलेले, आम्हाला विसरून गेलेले, कसलेही हवे होते. आणि त्या क्षणी मला पक्कं कळलं, की मला विसरलेले आण्णा मी कुठून आणू? तसे आण्णा कधी नव्हतेच.

"मला फोन केला असता त्यांनी," मी म्हटलं. "सात वर्षं थांबले नसते. तुझ्या आईला सांग म्हणाले असते."

"काय सांग?"

"येतोय म्हणून."

बिल्किसनं खाली बघितलं. "अजून काही विचारायचं नाही," ती सरांना म्हणाली. सरांनी पेन उचललं, काही न लिहिता परत ठेवलं, आणि आईला हात जोडले.

आम्ही दोघी शाळेतून निघालो. वाटेत कुणीतरी आईला विचारलं, कशी झाली पोरीची परीक्षा? आई म्हणाली, बरी झाली. आमची गल्ली लागली. दुपारची पाळी चालू होती, दोन्ही बाजूंनी मागांचा खडखडाट, एकाचं बोलणं समोरच्याला कळू नये असा. आईनं माझा हात धरला आणि माझ्या कानाशी तोंड आणून ओरडली, "रड आता. हितं कुणाला ऐकू जात न्हाई."

मी तोंड उघडलं आणि आण्णांना हाक मारली. बाजूला बघितलं तर आईनंही तोंड उघडलं होतं. ओठांवरून कळलं, ती आयुष्यात पहिल्यांदा त्यांना नावानं हाक मारत होती. गजानन, गजानन. त्या भर दुपारी, त्या गल्लीतून, आम्ही दोघी पोटभर ओरडत घरी गेलो.